कूर्मदासाचा कोस



वारी म्हणजे चालणे, हे आपल्या संप्रदायात लहान पोरालाही सांगावे लागत नाही. वारकऱ्याला विद्या नसली तरी चालते, पैसा नसला तरी चालते, जात तर कोणी विचारूच नये. पण पाय हवेत, हे आपण न बोलता गृहीत धरतो. मग ज्याचे पाय गेले, त्याने काय करायचे?

हा प्रश्न आपल्या घराघरातला आहे. नाथांच्या पालखीबरोबर तीस-चाळीस वर्षे पैठणहून पंढरीला चालत गेलेला माणूस सत्तरीत न्हाणीत घसरतो. मानेला हिसका बसतो, मज्जारज्जूला इजा होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला स्वतःची कूसही बदलता येत नाही. छत्रपती संभाजीनगरला घाटीत नेतात, एमआरआय होतो, गरज असेल तर शस्त्रक्रिया होते, आणि काही आठवड्यांनी माणूस घरी बाजेवर येतो. खरी परीक्षा तिथून सुरू होते. ती त्याचीही असते आणि घरच्यांचीही.

अशा घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘आता या वयात त्यांच्या जिवाला कशाला त्रास?’ दुसरे, ‘आम्ही आहोत ना, सगळे जागेवर करतो.’ पहिले वाक्य वैराग्यासारखे ऐकू येते, दुसरे सेवेसारखे. दोन्ही प्रेमापोटी बोललेली असतात. तरीही दोन्ही वाक्ये त्या माणसाच्या अंगात उरलेले बळ हळूहळू काढून घेऊ शकतात. म्हणून ती आज जरा नीट तपासून पाहू.

आधी देहात काय घडते ते समजून घेऊ. मज्जारज्जू म्हणजे कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी, करंगळीएवढी जाड दोरी. मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि अंगाच्या खबरा वर येतात. इजा पाठीत झाली तर पाय जातात, मानेत झाली तर हातही दुबळे होतात. लघवी-शौचाचा ताबा बहुधा सुटतो, कातडीची जाणीव जाते. तरुणांना अशी इजा गाडीवरून, झाडावरून किंवा गच्चीवरून पडून होते. म्हातारपणी तेवढे लागत नाही. वयामुळे मानेतली वाट आधीच अरुंद झालेली असते, म्हणून ओल्या फरशीवर घसरून हनुवटी आपटली तरी पुरते. काहींच्या कण्याला क्षयाने कीड लागलेली असते. मात्र प्रत्येक वेळी दोरी पुरती तुटत नाही. म्हातारपणीच्या पडण्यात बऱ्याचदा काही तंतू शाबूत राहतात, आणि त्या उरलेल्या तंतूंवरच पुढचे सगळे अवलंबून असते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. पिंडरीचे, मांडीचे, दंडाचे मांस वयाबरोबर कमी होतच असते. त्यात अंथरूण धरले की ते झपाट्याने झडते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवले होते. कोणताही आजार नव्हता, जेवण व्यवस्थित होते. तरी त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सरासरी जवळपास एक किलो मांस गेले. म्हणजे पडून राहणे ही विश्रांती वाटली तरी ती एक वजावट असते. मज्जारज्जूच्या इजेने जेवढे नेले तेवढे तर गेलेच. पण जे तिने नेले नव्हते, तेही अंथरूण नेते.

आता पहिले वाक्य घेऊ. देह नाशवंत आहे, मग या वयात त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

संतांनी देह नाशवंत म्हटला तो आपला अभिमान गळावा म्हणून. त्याची हेळसांड करावी म्हणून नव्हे. ज्या देहाला आपण तुळशीची माळ घालतो, चंद्रभागेत बुडवतो, एकादशीला उपाशी ठेवतो आणि आषाढात उन्हापावसात चालवतो, तो देह आपल्याला कवडीमोलाचा वाटतो असे कोण म्हणेल? तो साधन आहे, म्हणून सांभाळायचा. आणि दुसरे असे की, वैराग्य स्वतःच्या वस्तूबाबत असते. आपल्या वडिलांच्या पायांबाबत आपण दाखवलेले वैराग्य हे वैराग्य नव्हे. त्यांचा देह त्यांना अजून हवा आहे का, हे आधी त्यांनाच विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे प्रारब्ध आहे. असेल. पण प्रारब्धाने फार तर माणूस का पडला ते सांगता येईल. पडल्यानंतर त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे की नाही, हे प्रारब्ध ठरवत नाही, घरातली माणसे ठरवतात. याचा दाखला इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेला सैनिक बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत असे, आणि डॉक्टरही ते अटळ मानत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी विभाग उघडला. माणसे कणा मोडल्याने तेवढी मरत नव्हती. ती मरत होती अंथरुणाच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. गुटमानांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्ण वळवण्याचा नियम घातला, लघवीची स्वच्छता सांभाळली आणि पडलेल्यांना उठवून बसवले, कामाला आणि खेळाला लावले. माणसे जगू लागली. कालपर्यंत ज्याला नशीब म्हणत होते, त्यातला मोठा भाग दुर्लक्षाचा होता, हे त्या दिवसांनी दाखवले.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुण्याजवळ खडकीला अशा सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. पेटकर तरुण होते, सैनिक होते, हे खरे. मग म्हाताऱ्यांचे काय? १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा माणसांना आठ आठवडे मांडीने वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. ती माणसे कणा मोडलेली नव्हती, हे लक्षात ठेवावे. तुटलेला तंतू व्यायामाने जोडला जात नाही. पण ज्या स्नायूपर्यंत थोडा जरी हुकूम पोहोचतो, तो नव्वदीतही बळ धरू शकतो. ‘वय झाले’ हे व्यायाम न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता दुसरे वाक्य, ‘आम्ही सगळे जागेवर करतो.’ हे जास्त अवघड आहे, कारण यात खोट काढायला मन धजत नाही.

आपल्या संप्रदायाचा पायाच आईवडिलांच्या सेवेवर उभा आहे. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, म्हणून देव विटेवर थांबला. सेवा करणाऱ्याचा आदर्श पुंडलिक, यात शंका नाही. पण सेवा घेणाऱ्याचा आदर्श कोण? अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कोणाकडे पाहावे? त्याच्यासाठी आपल्या परंपरेत कूर्मदास आहे, आणि तो आपल्याच पैठणचा.

त्याची कथा कीर्तनात तुम्ही ऐकलीच असेल. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीला निघाला. सरपटत, पोटावर लोळत, दिवसाकाठी जेमतेम कोसभर जायचा. अशा चालीने तो लहुळपर्यंत पोहोचला. उद्या एकादशी, पंढरी अजून सात कोस, आणि अंगात त्राण नाही. तेव्हा त्याने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांकडे देवासाठी निरोप दिला. देव एकटा आला नाही, ज्ञानदेव, नामदेव आणि सावता माळ्याला घेऊन लहुळला आला.

या कथेचा शेवट सगळ्यांना आवडतो. देव सात कोस आला, हे ऐकून डोळे भरून येतात. पण कथेचा मधला भाग पाहा. पैठणला त्याला कोणी ‘तू कुठे जातोस, आम्ही तुझ्यासाठी तीर्थ घेऊन येतो’ असे सांगून घरी बसवले नाही. त्याचा रोजचा कोस त्याच्याकडे राहू दिला. त्याच वेळी तो एकट्याच्या बळावरही गेला नाही. हात नसलेल्या माणसाला वाटेत घास कोणीतरी भरवलाच असणार, पाणी कोणीतरी पाजलेच असणार. आणि जिथे त्याचे त्राण संपले, तिथून पुढे देव म्हणाला नाही की, ‘उरलेलेही तूच ये.’

माझ्या मते पुनर्वसनाचे सगळे शास्त्र या तीन गोष्टींत आहे. माणसाचा कोस त्याच्याकडे राहू द्यावा. घास भरवायला सोबत असावे. आणि त्याचे बळ संपते तिथून पुढे आपण जावे. सेवा म्हणजे सगळे काही आपण करणे नव्हे. त्याला जे करता येते तेवढे सोडून बाकीचे करणे.

हे बोलायला सोपे आहे. पण वडील सदऱ्याचे एक बटण लावायला दहा मिनिटे घेतात, बोटे थरथरतात, कपाळावर घाम येतो. तेव्हा हात पुढे न करता शेजारी बसून राहणे हे पाय चेपण्यापेक्षा कठीण आहे. बघणाऱ्याला निष्ठूर वाटेल. ‘एवढे लेकरू असून बापाला बटण लावत नाही,’ असे शेजारी म्हणतील. पण आपण रोज बटण लावत गेलो तर आपल्याला सेवेचे समाधान मिळते आणि त्यांची बोटे जातात. ज्या सेवेने सेवा करणाऱ्याचे पुण्य वाढते आणि घेणाऱ्याचे बळ घटते, ती कोणासाठी चालली आहे, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

हा कोस प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाचा बाजेची कड धरून कूस बदलण्याएवढा. कोणाचा दंडाच्या जोरावर बाजेवरून व्हीलचेअरवर सरकण्याएवढा. कोणाचा पट्ट्याने हाताला बांधलेल्या चमच्याने स्वतः घास घेण्याएवढा, तर कोणाचा वॉकर धरून उंबरठ्यापर्यंत. तो ठरवायचा कोणी? आधी त्या माणसाने, आणि त्याच्यासोबत फिजिओथेरपिस्टने. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. तिथून घरच्यांनी व्यायाम नीट शिकून घ्यावेत, कारण खरे काम घरीच रोज होते. तेल लावून मालिश केली की व्यायाम झाला, असे समजू नये. मालिशीने बरे वाटते, पण तिने स्नायू कमावला जात नाही. सुजलेल्या पायाला तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चोळूही नये. जिथे जाणीव नाही तिथे गरम पिशवीचा शेक कधी देऊ नये, भाजलेले त्याला कळणार नाही. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्याचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा घामाने भिजला, तर लगेच त्याला बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली आहे का पाहावे. तरीही त्रास थांबला नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आहाराचे एक सांगायलाच हवे, कारण ते आपल्या नेमाशी जोडलेले आहे. झडलेला स्नायू भरून यायला प्रथिने लागतात. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ते सव्वा ग्रॅम, जखम असेल तर त्याहून जास्त. नुसती भाकरी आणि पातळ वरण यात ते पुरे पडत नाही. दूध, दही, घट्ट डाळ, मटकी-हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, हे रोज पोटात जायला हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. आणि एकादशी? आजाऱ्याला उपवासातून सूट आपल्याकडे नेहमीच दिलेली आहे. जन्मभर न मोडलेला नेम मोडवत नसेल, तर साबुदाण्याऐवजी दूध, दही आणि शेंगदाण्याची आमटी घ्यावी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच.

आपल्या नित्यनेमाचाही इथे उपयोग आहे. सायंकाळी मोठ्याने हरिपाठ म्हटला की छाती भरते, श्वासाचे स्नायू कामाला लागतात. मानेच्या इजेत ते दुबळे झालेले असतात, म्हणून याचे मोल अधिक. बोटांत थोडे बळ असेल तर माळेचा एकेक मणी ओढणे हा बोटांचाच व्यायाम आहे. मूठ वळत नसेल तर चिपळी हाताला कापडी पट्टीने बांधून द्या, आणि भजनात तिचा ताल त्यालाच धरू द्या.

आता एक सावधगिरी. कूर्मदासाची कथा कोणाच्या पाठीवर चाबकासारखी वापरू नका. पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे माणूस आपल्याच पायांचे सुतक पाळत असतो. त्याला रडू द्यावे, चिडू द्यावे. तिसऱ्याच दिवशी ‘बघा, कूर्मदास कसा गेला’ म्हणणे हा उपदेश नव्हे, ती निर्दयता आहे. काही दिवस असे येतील की त्याच्याने काहीच होणार नाही. त्या दिवशी त्याचा कोस शून्य. काहींची इजा इतकी वरची आणि पुरती असते की श्वास घेणे आणि नाम घेणे एवढाच कोस उरतो. त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. प्रयत्न ही प्रेमाची अट झाली, की घराचे घरपण गेले. लहुळला देवाने कूर्मदासाला आधी ‘किती कोस आलास’ असे विचारले नव्हते.

आणि फळाचे काय? खरे तेच सांगायला हवे. खूप व्यायाम करूनही अनेकांना पुन्हा चालता येत नाही. पुन्हा पालखीबरोबर चालायचे, एवढाच हेतू धरला तर सहा महिन्यांत माणूस खचतो. मग व्यायाम कशासाठी? स्वतः कूस बदलली तर पाठीला जखम होत नाही. स्वतः खुर्चीत सरकता आले तर दुपारी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम कृष्ण हरी म्हणता येते. शौचाला जाताना सुनेसमोर लाजेने मान खाली घालावी लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या गोष्टी लहान वाटतील. ज्याच्याकडून त्या गेल्या आहेत, त्याला त्यांची उंची विचारा. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे आपण जन्मभर ऐकत आलो. म्हातारपणी, न हलणाऱ्या पायाला रोज सकाळी हलण्याचा हुकूम देत राहणे, यापेक्षा त्याचा कठोर अभ्यास मला तरी दुसरा दिसत नाही.

शेवटी घरच्यांविषयी, विशेषतः घरातल्या बाईविषयी. अशा घरात बहुतेक भार सुनेवर किंवा म्हाताऱ्या बायकोवर पडतो. दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायचे, नळी पाहायची, कपडे बदलायचे. सहा महिन्यांत तिची कंबर जाते आणि तिच्याविषयी कोणी कीर्तनात बोलत नाही. सप्ताहातली वीणा आठवा. ती अखंड उभी असते, जमिनीला टेकत नाही. पण एकच माणूस सात दिवस ती गळ्यात घेऊन उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात, यादी भिंतीवर असते, आणि आपली वेळ झाली की माणूस रात्री दोन वाजताही उठून वीणा घेतो. घरात रुग्ण वळवण्याचे असेच पहारे लावा. यादीत मुलाचे नाव असू द्या, नातवाचे असू द्या, भजनी मंडळातल्या दोघांचेही असू द्या.

मंडळाचे, दिंडीचेही याहून अधिक काही देणे लागते. चाळीस वर्षे बरोबर चाललेला माणूस पडला की पहिल्या महिन्यात सगळे भेटून जातात, सहाव्या महिन्यात कोणी येत नाही. आठवड्यातले एक भजन त्याच्या ओट्यावर होऊ द्या. गावच्या मंदिराला पायऱ्यांशेजारी एक उतार बांधा. सिमेंटच्या काही गोण्यांचे काम आहे. दिव्यांगांचे युडीआयडी कार्ड काढून द्यायला, वयोश्री योजनेतून साधन मिळते का हे विचारायला कोणीतरी सोबत जा. हे कागदाचे फेरे अंथरुणावरच्या माणसाला घालता येत नाहीत.

आपली परंपरा अंतराच्या बाबतीत कधीच हट्टी नव्हती. गर्दीत पायांवर डोके ठेवता आले नाही तर मुखदर्शन, तेही नाही तर कळसाचे दर्शन, आणि ज्याला पंढरपूर गाठणे जमत नाही त्याच्यासाठी आपल्या संभाजीनगरकरांनी वाळूजजवळचे छोटे पंढरपूर मानलेच आहे. आषाढीला तिथे केवढी गर्दी लोटते, ते तुम्ही पाहता. तेव्हा बाजेपासून दारापर्यंतची वारीही वारीच आहे. पुढच्या एकादशीला तुमच्या घरात, शेजारात, दिंडीत असा कोणी असेल तर त्याच्यासाठी दर्शन घेऊन प्रसाद तेवढा पाठवू नका. आज त्याचा कोस किती, हे त्याला विचारा. तो संपेपर्यंत त्याच्या शेजारी थांबा, आणि मग उरलेले सात कोस तुम्ही चाला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!